पहिली ओळ कुठं गेली? बर्कलीचं इलेक्ट्रिकल डिपार्टमेंट आणि स्पाइसची गोष्ट

गेल्या हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका डिप्लोमा कॉलेजात दोन दिवसांचं वर्कशॉप घ्यायला गेलो होतो. विषय साधा, सर्किट सिम्युलेशन, म्हणजे सर्किट खरं न जोडता कॉम्प्युटरवर चालवून बघायचं. पोरांनी नोटपॅडमध्ये नेटलिस्ट, म्हणजे कुठला घटक कुठं जोडलाय त्याची यादी, लिहिली, पहिल्याच ओळीत व्होल्टेज सोर्स टाकला, खाली रेझिस्टर, खाली डायोड, रन केलं आणि सगळीकडं शून्य व्होल्ट. दहा मिनिटं सगळे डायोडचं मॉडेल तपासत बसले, पण चूक डायोडची नव्हतीच. स्पाइस नावाचा प्रोग्रॅम फाइलची पहिली ओळ सर्किट म्हणून वाचतच नाही, ती शीर्षक म्हणून बाजूला ठेवतो, म्हणजे ज्या ओळीत सोर्स होता ती ओळच त्यानं सर्किटमध्ये धरली नाही.

असं का, हे एका मुलीनं विचारलं आणि मग त्या प्रश्नाचं उत्तर देता देता माझा पुढचा अख्खा तास गेला. कारण उत्तर कॅलिफोर्नियात आहे, 1970 च्या आसपास, बर्कलीच्या विद्यापीठातल्या कोरी हॉल नावाच्या बिल्डिंगमध्ये. त्या विद्यापीठात तेव्हा सीडीसी 6400 हे मोठं कॉम्प्युटर होतं आणि प्रोग्रॅम पंच कार्डांवर जायचा, एका कार्डावर एक ओळ. कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि छापील आउटपुटची वाट बघायची. गठ्ठ्यातलं पहिलं कार्ड शीर्षकाचं, म्हणजे हे कुठलं सर्किट ते छापलेल्या कागदावर वरती दिसावं. कार्डं जाऊन जमाना झाला, पण नियम राहिला, आणि इंजिनिअर लोक आजही त्या फाइलला स्पाइस डेक म्हणजे गठ्ठाच म्हणतात. दुसरा फटका पण तिथलाच, एक मेगओहम म्हणून कुणी 1एम लिहिलं की स्पाइस त्याला एक मिलिओहम धरतो, कारण त्या काळात सगळं कॅपिटल अक्षरातच असायचं, छोटा एम आणि मोठा एम असा फरक करायची सोयच नव्हती, म्हणून मेगासाठी एमईजी अशी तीन अक्षरं ठेवली.

म्हणजे बघा, पन्नास वर्षांपूर्वी एका डिपार्टमेंटनं एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याच्या सवयी आज आपल्याकडच्या डिप्लोमाच्या पोरांच्या बोटांत आहेत. एखाद्या इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटचं नाव मोठं आहे म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला प्रत्येक जून-जुलैमध्ये नातेवाईक विचारतात, इंजिनिअरिंग प्रवेशाचा कॅप राउंड चालू असतो, कटऑफ, पॅकेज, रँकिंग यांची चर्चा चालू असते. मला त्यावर बर्कलीचीच केस सांगावीशी वाटते, आणि त्यातही पूर्ण डिपार्टमेंटचा इतिहास नको, स्पाइसचं एकच प्रकरण घेऊ, कारण त्या एका प्रकरणात त्या डिपार्टमेंटची ताकद कुठून आली ते सगळं दिसतं.

सुरुवात स्पाइसच्याही आधी होते. डोनाल्ड पेडरसन नावाचे प्राध्यापक, जन्म 1925, मिनेसोटाचे, स्टॅनफर्डला डॉक्टरेट, मग बेल लॅब्समध्ये नोकरी आणि 1955 ला बर्कलीत शिकवायला आले. इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आयसी किंवा चिप, ही गोष्ट तेव्हा नुकतीच जन्माला येत होती, 1958-59 मध्ये किल्बी आणि नॉइस या तिच्या जनकांची कामं झाली, आणि लगेच 1960 च्या सुमाराला पेडरसननी ठरवलं की आपल्या विद्यापीठात आयसी बनवायची लॅब पाहिजे. विद्यार्थ्यांनी स्वतः चिप बनवायची. कुठल्याही विद्यापीठात असं काही नव्हतं, हे फार गुंतागुंतीचं आणि खर्चाचं काम आहे, विद्यापीठाला झेपणार नाही असं त्यांना सांगणारे बरेच होते. त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन लॅब उभी केलीच आणि 1962 पर्यंत तिथं चालणाऱ्या आयसी निघाल्या.

मला हा भाग स्पाइसपेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण लॅब नसती तर सिम्युलेटरची गरजच कुणाला जाणवली नसती. साध्या सर्किटचं कसं असतं, ब्रेडबोर्डवर जोडा, ऑसिलोस्कोप लावा, नाही चाललं तर रेझिस्टर बदला. चिपमध्ये ते चालत नाही. एकदा सिलिकॉनमध्ये गेलं की आतला रेझिस्टर बदलता येत नाही, आतल्या नोडवर, म्हणजे घटक जिथं जोडले जातात त्या बिंदूवर, प्रोब लावणं अवघड, आणि ब्रेडबोर्डवर सुटे ट्रान्झिस्टर जोडून बघावं तर ते चिपवरच्या ट्रान्झिस्टरसारखे वागत नाहीत, चिपवरचे शेजारी शेजारी बनलेले असल्यामुळं एकमेकांशी जुळणारे असतात, सुटे नसतात, वायरींची कपॅसिटन्स वेगळी, तापमान वेगळं. चूक झाली तर परत मास्क म्हणजे चिपची नक्षी छापायचा साचा, परत वेफर म्हणजे सिलिकॉनची चकती, परत आठवडेच्या आठवडे. हा त्रास रोज भोगणारे विद्यार्थी आणि प्राध्यापक ज्या बिल्डिंगमध्ये होते त्याच बिल्डिंगमध्ये सिम्युलेटर जन्माला आला, हे मला अजिबात योगायोग वाटत नाही.

आता 1969-70 चा वर्ग. शिकवायला रोनाल्ड रोहरर, तरुण प्राध्यापक. त्यांनी वर्गात जाहीर केलं की आपण नेहमीसारखं शिकणार नाही, सगळे मिळून सर्किट सिम्युलेटर लिहिणार, आणि परीक्षक असणार पेडरसन. त्यांना प्रोग्रॅम पसंत पडला तर सगळे पास, नाही पडला तर सगळे नापास. त्या वर्गात लॉरेन्स नागेल होते, पेडरसनशी बोलायची जबाबदारी त्यांच्यावर पडली. आपल्याकडं सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवून काढलेल्या माणसाला हे वाचताना काय वाटतं ते मीच जाणतो, कारण मी ते केलंय. तिथं ज्या माणसाला तो प्रोग्रॅम स्वतःच्या कामासाठी हवा होता तोच माणूस पास-नापास ठरवत होता, त्यामुळं नुसतं चालल्यासारखं दाखवून भागणार नव्हतं.

त्या प्रोग्रॅमचं नाव ठेवलं कॅन्सर. नाव ऐकून वर्कशॉपमधली पोरं गप्प झाली म्हणून सांगतो, इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ असा होता की नॉनलिनिअर सर्किटांचं कॉम्प्युटरनं विश्लेषण, रेडिएशन वगळून. शेवटचे दोन शब्द मुद्दाम होते. त्या वेळचे बरेच सिम्युलेटर अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशावर चाललेले, त्यात अणुस्फोटाच्या रेडिएशनमध्ये सर्किट टिकेल का ते बघायची सोय मागितली जायची. व्हिएतनाम युद्धाचा काळ, बर्कली म्हणजे युद्धविरोधी आंदोलनाचं केंद्रच, या मंडळींनी नावातच लिहून टाकलं की आमच्यात ते नाही.

आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक नोडवर किरचॉफचा करंटचा नियम मांडायचा, म्हणजे आत येणारा आणि बाहेर जाणारा करंट सारखा. रेझिस्टर असेल तर समीकरण सरळ रेषेचं, पण डायोड आणि ट्रान्झिस्टरचा करंट व्होल्टेजबरोबर घातांकी वाढतो, म्हणून न्यूटन-रॅफसननं अंदाज धरायचा, त्या बिंदूपाशी सरळ रेषा मानायची, सोडवायचं, परत अंदाज सुधारायचा, असं उत्तर स्थिर होईपर्यंत. मॅट्रिक्समधल्या बहुतेक जागा शून्य असतात, कारण एक नोड शेजारच्या दोन-चार नोडलाच जोडलेला असतो, त्या शून्यांवर वेळ आणि मेमरी घालवायची नाही. वेळेनुसार बदल बघायचा असेल तर काळाचे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याला हेच परत सोडवायचं. न्यूटन-रॅफसन आपण गणिताच्या एम-थ्री का एम-फोरच्या पेपरसाठी घोकलेलं असतं आणि ते कशाला लागतं हे कुणी सांगितलेलं नसतं, ते यासाठी लागतं.

1971 मध्ये नागेल आणि रोहरर यांचा कॅन्सरवरचा पेपर आला. तोपर्यंत रोहरर बर्कली सोडून इंडस्ट्रीत निघाले होते, नागेल पेडरसनकडं डॉक्टरेटसाठी राहिले, आणि इथं या केसचा निर्णायक क्षण आहे. पेडरसन अडून बसले की प्रोग्रॅमवर कुणाची मालकी नको, तो सगळ्यांना खुला पाहिजे. जे भाग कुणाच्या हक्कात अडकतील ते नव्यानं लिहायचे, नाव पण नवं. ते नवं नाव स्पाइस, 12 एप्रिल 1973 ला कॅनडातल्या वॉटरलू इथल्या परिषदेत त्याची ओळख करून दिली गेली. 1975 मध्ये नागेल यांच्या प्रबंधातून स्पाइस-2 आला, जास्त घटक घेणारा, वेळेचे तुकडे स्वतः लहानमोठे करणारा, जिथं सिग्नल झपकन बदलतो तिथं तुकडा बारीक आणि जिथं शांत आहे तिथं मोठा. त्यात नमुन्याला घेतलेल्या सर्किटांमध्ये 741 हा ऑपअँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारी चिप, होता, तोच 741 जो आपण लॅबमध्ये आठ पायांचा काळा किडा म्हणून हाताळला.

मागणाऱ्याला प्रोग्रॅम मिळायचा, टेपचा खर्च तेवढा द्यायचा. पेडरसनची अपेक्षा एवढीच की काही चूक सापडली, काही सुधारणा केली, तर आम्हाला परत कळवा. ते मागचं दार आणि पुढचं दार असं काहीतरी सांगायचे, म्हणजे प्रोग्रॅम फुकट दिला तर मी कुठल्याही कंपनीत मागच्या दारानं शिरून खऱ्या काम करणाऱ्या इंजिनिअरांशी बोलू शकतो, विकायला गेलो तर सेल्समनसारखं पुढच्या दारानं जावं लागेल. मला ही गोष्ट खूप आवडते कारण त्यात औदार्य आहेच पण हिशोबही आहे, आणि तो हिशोब डिपार्टमेंटच्या भल्याचा आहे. कंपन्यांमधला माणूस सगळ्यात आधी कुणाला सांगणार की हे मॉडेल छोट्या ट्रान्झिस्टरला चालत नाही, हे सर्किट कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे उत्तर स्थिरच होत नाही? ज्याचा प्रोग्रॅम तो रोज वापरतोय त्यालाच. म्हणजे जगातल्या चिप कंपन्यांच्या अडचणी बर्कलीच्या टेबलावर आधी येऊन पडायच्या, आणि पीएचडीला विषय शोधत बसायची वेळ तिथं कमी येत असणार असं मला वाटतं.

प्रोग्रॅम पसरला कसा तर मुख्यतः माणसांबरोबर. पास झालेला विद्यार्थी नोकरीला जाताना स्पाइस घेऊन जायचा, तिथल्या कॉम्प्युटरवर चढवायचा, बाजूचे लोक शिकायचे. स्वतः नागेल बेल लॅब्समध्ये गेले आणि तिथं अॅडव्हाइस नावाचा सिम्युलेटर त्यांनी घडवला. 1980 च्या दशकात स्पाइसच्या कोडवरून धंदे उभे राहिले, एचस्पाइस आला, पर्सनल कॉम्प्युटरवर पीस्पाइस आला, ज्याची स्टुडंट व्हर्जन आपल्यातल्या कित्येकांनी सीडीवरून सीडीवर कॉपी करून वापरली. 1989 मध्ये थॉमस क्वार्ल्स यांनी सगळं फोरट्रान भाषेतून सी भाषेत आणलं, तो स्पाइस-3. 2011 मध्ये आयट्रिपलई या इलेक्ट्रिकल इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेनं स्पाइसला माइलस्टोनचा मान दिला, पेडरसनना 1998 मध्ये त्याच संस्थेचं मेडल ऑफ ऑनर मिळालं होतं, 2004 च्या नाताळात ते गेले.

इथवर ऐकून कुणी म्हणेल एक चांगला प्रोग्रॅम निघाला, त्यात डिपार्टमेंटचं काय? तर पुढचं बघा. सिम्युलेटर फुकट सगळीकडं गेला, पण सिम्युलेटर म्हणजे नुसती समीकरणं सोडवणारं यंत्र, त्याच्या पोटात ट्रान्झिस्टर कसा वागतो त्याचं मॉडेल चांगलं नसेल तर उत्तर चुकणारच. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तशी जुनी मॉडेलं तुटायला लागली. त्याच डिपार्टमेंटमध्ये चेनमिंग हू आणि सहकाऱ्यांनी बीसिम नावाची मॉडेलं बनवली, त्यातलं बीसिम-3 हे 1990 च्या दशकात कंपन्यांच्या मंडळानं मान्य केलेलं पहिलं इंडस्ट्री स्टँडर्ड मॉडेल ठरलं. फॅब म्हणजे चिप बनवणारा कारखाना आणि डिझाइन कंपनी यांच्यात मग एकच भाषा झाली, फॅबनं पॅरामीटर द्यायचे, डिझायनरनं सिम्युलेटरमध्ये टाकायचे. आणि ट्रान्झिस्टरच्या पोटात इतकं शिरल्यावर हू, त्सू-जे किंग लिउ, जेफ्री बोकोर यांच्या टीमनं 1990 च्या शेवटी शेवटी नवीनच आकाराचा ट्रान्झिस्टर करून दाखवला, फिनफेट. सपाट न ठेवता सिलिकॉनची पातळ भिंत उभी करायची आणि गेट तिच्या दोन्ही-तिन्ही बाजूंनी गुंडाळायचं, म्हणजे बंद केल्यावर करंट खालून फारसा गळत नाही. अमेरिकी सरकारच्या डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेचा पैसा त्यामागं होता, 25 नॅनोमीटरच्या खाली जाणारा ट्रान्झिस्टर हवा होता त्यांना. इंटेलनं 2011 मध्ये 22 नॅनोमीटरसाठी तशाच उभ्या रचनेची घोषणा केली, त्यानंतर कितीतरी वर्षं चांगल्या मोबाइलमधला प्रोसेसर म्हणजे फिनफेटच. हू यांना 2020 मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालं. त्याआधी 1995 मध्ये फझी लॉजिकवाल्या लोत्फी झादेंना मिळालं होतं, तेही याच डिपार्टमेंटचे, 1960 च्या दशकात त्यांनीच प्रमुख असताना डिपार्टमेंटच्या नावात कॉम्प्युटर सायन्स हे शब्द घातले.

लॅबमधून सिम्युलेटरची गरज, सिम्युलेटरमधून मॉडेलची गरज, मॉडेलमधून नवा ट्रान्झिस्टर. चाळीस वर्षांत एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर बसलेल्या माणसांनी बांधलेली. मोकळं देऊन टाकायची सवय पण टिकली, कॉम्प्युटरच्या बाजूनं बर्कली युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तशीच बाहेर पडली, आणि 2010 मध्ये रिस्क-फाइव्हचा खुला इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या हुकमांचा संच, तिथंच सुरू झाला, ज्यावर आपल्याकडं आयआयटी मद्रासनं शक्ती आणि सी-डॅकनं वेगा हे प्रोसेसर उभे केले.

हे सगळं नुसत्या चांगल्या मनामुळं झालं असं मी म्हणणार नाही. सिलिकॉन व्हॅली गाडीनं तासाभरावर, फेअरचाइल्ड, इंटेल अशा कंपन्या शेजारी, कॅलिफोर्निया राज्याचा विद्यापीठाला भक्कम आधार, अमेरिकेच्या केंद्र सरकारचा संशोधनाचा पैसा. ही परिस्थिती सांगलीत किंवा नांदेडमध्ये उचलून आणता येणार नाही. आणि फुकट देण्याची किंमत पण मोजावी लागली, कंपन्यांनी कोड घेऊन आपापली बंद आवृत्ती केली आणि त्यातल्या सगळ्यांच्या सुधारणा काही परत आल्या नाहीत, 1990 च्या दशकात बर्कलीनं स्पाइस-3 वर काम करणं थांबवलं तेव्हा तो कोड पुढं न्यायला बाहेरच्या स्वयंसेवकांना उभं राहावं लागलं, त्यातून एनजीस्पाइस झाला. आपण वर्कशॉपमध्ये वापरलेलं ईसिम, जे आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं केलंय, त्याच्या आत हाच एनजीस्पाइस चालतो. म्हणून साताऱ्याकडच्या पोराची पहिली ओळ बर्कलीच्या कार्डांच्या नियमानं गायब होते.

माझ्या स्वतःच्या कॉलेजचं नाव घेत नाही. तिथं आम्हाला सिम्युलेशनचं प्रॅक्टिकल होतं, पण आठ जणांत एक मशीन, आणि एक्सटर्नल येणार म्हटल्यावर आउटपुटचे स्क्रीनशॉट सीनिअरकडून घेऊन चिकटवायचे. आमचे एक सर होते, ते मात्र संध्याकाळी थांबून आम्हा दोघा-तिघांना नेटलिस्ट हातानं लिहायला लावायचे, स्किमॅटिक म्हणजे सर्किटचं चित्र काढायचं नाही म्हणायचे, आधी नोडला नंबर दे. मला आज अॅनालॉगमध्ये पोट भरता येतं ते त्या संध्याकाळांमुळं, कॉलेजच्या ब्रोशरमध्ये त्याचा उल्लेख कधी नव्हता. त्यामुळं भाच्यानं यंदा विचारलं, मामा, कुठलं डिपार्टमेंट चांगलं, तर मी त्याला सांगितलं की ओपन डेला जाऊन तिथल्या लॅब असिस्टंटला विचार, इथं बनलेली कुठली गोष्ट बाहेरचं कुणी वापरतं का. मोठंच काही लागत नाही, एखादं ट्रेनर किट, एखादी टेस्ट बेंच, शेजारच्या एमआयडीसीतल्या कारखान्याला करून दिलेला एखादा कंट्रोलर चालेल. पॅकेजचा आकडा दर वर्षी बाजारावर वरखाली होतो, त्यात डिपार्टमेंटचा वाटा किती ते कळत नाही.

आपल्या देशात अशी उदाहरणं नाहीत असं अजिबात नाही. आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल डिपार्टमेंटमध्ये प्राध्यापक महेश पाटील यांनी सीक्वेल नावाचा सर्किट सिम्युलेटर लिहून खुला ठेवलाय, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकताना तो फार उपयोगी आहे. त्याच डिपार्टमेंटमध्ये माधव देसाई यांच्या टीमनं अजित नावाचा प्रोसेसर केला, चंदीगडजवळ मोहालीच्या सरकारी फॅबमध्ये बनलेला. आणि बर्कलीच्या धाग्याचं सरळ टोक कानपूरला येतं, बीसिमच्या ग्रुपमध्ये काम करून आलेले योगेश सिंग चौहान आयआयटी कानपूरला आले, तिथल्या टीमनं गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टरसाठी केलेलं मॉडेल 2018 मध्ये इंडस्ट्री स्टँडर्ड म्हणून स्वीकारलं गेलं. आज फास्ट चार्जरमध्ये जे गॅलियम नायट्राइड असतं, त्या जातीच्या ट्रान्झिस्टरचं.

हे मी वर्कशॉपच्या दुसऱ्या दिवशी सांगत होतो तेव्हा त्याच मुलीनं विचारलं, सर, ते म्हणाले होते ना सुधारणा केली तर परत कळवा, मग आपल्या कॉलेजातून काही पाठवता येईल का? येतं. फॉसीचा सर्किट सिम्युलेशनचा उपक्रम आहे, त्यात विद्यार्थ्यांनी एखादं सर्किट ईसिममध्ये नीट चालवून, तपासून दिलं की ते सगळ्यांसाठी खुलं ठेवतात. तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी 741 वापरून वीन ब्रिज ऑसिलेटर, म्हणजे स्वतःहून लहरी तयार करणारं सर्किट, निवडला. दोनदा तो ऑसिलेटच होईना, कारण आदर्श सिम्युलेशनमध्ये गडबड करणारा नॉइज नसतो, सुरुवातीला कपॅसिटरला थोडा व्होल्टेज द्यावा लागतो, ते त्यांना तिसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. मागच्या महिन्यात फाइल मला बघायला पाठवली होती. पहिली ओळ शीर्षकाची होती, कॉलेजचं नाव आणि तिघींची नावं.